आईच्या पायाखालचं पाणी

गाडी घेतली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी तेहतीसची. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली आणि चारचाकी घेणारीही मीच पहिली. हे मी सगळ्यांना सांगते. आईबाबा दोघंही मिठागरात राबले. बाबा गेले तेव्हा त्यांच्या टाचांच्या भेगा तशाच होत्या. मी बी.कॉम. केलं आणि बंदरातल्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात लागले. आता पनवेलला वन बीएचकेमध्ये आई आणि मी राहतो. गाडी जुनी असली तरी माझ्या नावावर आहे, आणि घेतली ती आईसाठीच.

आई धवलारीण आहे. आमच्यात लग्नात धवला गाणारी बाई लागते. मांडवाला उंबर आणतात तिथपासून अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिने म्हणायचं. आई कुठे शिकलेली नाही, तिला हे सगळं तोंडपाठ आहे. उरणकडच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. मग हळूहळू खोकला लागला, दम लागायला लागला आणि बोलावणी कमी झाली. रिक्षातून जायचं तर उलव्याजवळच्या बांधकामांची धूळ, त्यात डंपर. पोहोचेपर्यंत घसा बसलेला. म्हणून गाडी.

जुलैतल्या एका सकाळी ती डावीकडच्या सीटवर बसली आणि पायाखाली पच्च आवाज झाला. मी म्हटलं, चपला ओल्या असतील. चार दिवसांनी कार्पेट दाबलं तर पाणी वर आलं. आठवड्याभरात गाडीत असा वास सुटला, जसा पावसाळ्यात पेटीत विसरलेल्या गोधडीला येतो. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, यांना त्या गाडीत बसवू नका. आईने डॉक्टरांचं कधी नव्हे ते लगेच ऐकलं.

"मी नाय बसाची तुज्या गारीन," ती म्हणाली. "एस्टीनं जाईन."

तिच्यासाठी घेतलेल्या गाडीतून मी एकटी ऑफिसला जायची, आणि ती एसटीने दवाखान्यात. वर मामाच्या मुलीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतर लगेच. धवला आत्याच म्हणेल, असं मुलीनेच सांगितलं होतं. आईने हो म्हटलं आणि त्या दिवसापासून गरम पाणी प्यायला लागली. मधे खोकला येऊन धवला तुटला तर लोक काही बोलणार नाहीत, पण तिला ते सहन होणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

पहिला गॅरेजवाला हायवेच्या कडेचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या काचेचं रबर गेलंय म्हणून सांगितलं. मी विचारलं, कशावरून. तो म्हणाला, मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो. मी म्हटलं, मिस्टर नाहीत, गाडी माझी आहे, मला समजावा. त्याने काही समजावलं नाही. काचेच्या खालच्या कडेला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, चांगलं जाड सिलिकॉन भरलं. पुढच्याच पावसात पाणी आलं, आणि आधीपेक्षा जास्त आलं. मग त्याने दाराचं रबर बदललं. तरी पाणी. मग म्हणाला, ही एसीची नळी तुंबलीय. मी सांगितलं, महिनाभर एसी लावलेलाच नाही. तो हसला आणि नळी साफ केली. पाणी आलंच.

तेव्हा मी ठरवलं, हे लोक अंदाजाने चालतात, आपण शिकलेले आहोत, आपण पद्धतशीर शोधू. ऑफिसात मी दिवसभर तक्तेच भरते. एक वही केली. तारीख, पाऊस किती, गाडी कुठे उभी, पाणी आलं की नाही. रविवारी सोसायटीचा पाइप लावून अख्ख्या गाडीवर पाणी सोडलं आणि आत बसून बघत राहिले. पाणी आलं. पण कुठून, ते काही कळेना, कारण मी सगळीकडे एकदम ओतलं होतं. सेक्रेटरी खाली येऊन म्हणाले, ताई, लोकांना वर प्यायला पाणी नाही. वहीचीही तीच गत. एकाच ठिकाणी उभी असून एका रात्री पाणी यायचं, दुसऱ्या रात्री तितकाच पाऊस पडूनही कोरडं. सप्टेंबरात मी ती वही गाडीतच फेकली. ती पण भिजली.

ऑफिसातल्या एकीने बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बरीच वर्षं कुवेतला गाड्या दुरुस्त केल्या होत्या. मी म्हटलं, तिकडे पाऊस तरी पडतो का? चाचा म्हणाले, "नाही ना. म्हणून तर परत आलो. तिथं वाळू शोधत होतो, इथं पाणी शोधतो."

मी ती भिजलेली वही वाळवून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, हे मला बरं वाटलं. मग विचारलं, उतारावर गाडीचं तोंड वर असतं की खाली? आमच्या सोसायटीत उतारच आहे. कधी तोंड वर करून लावते, कधी खाली, जागा मिळेल तसं. वहीत नेमका तोच रकाना नव्हता. मला स्वतःचाच राग आला.

चाचांनी कार्पेट उचललं, खालचा पत्रा पुसून कोरडा केला, त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि गाडी उतारावर तोंड वर करून उभी केली. मला आत पाठवलं. मी सीटवर उलटी होऊन, डोकं डॅशबोर्डखाली घालून, हातात टॉर्च घेऊन पडले. ते बाहेरून मगाने पाणी घालत होते, पण खालून वर. आधी चाकाजवळ, मग दाराच्या खालच्या कडेला, मग दारावर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. एकदम वरून ओतलं की पाणी सगळीकडून उतरतं, मग चोर कोण ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास काही झालं नाही. माझी मान आखडली होती, रक्त डोक्यात उतरलं होतं. मी दोनदा विचारलं, बस झालं का. ते म्हणाले, घाई असेल तर पहिल्या गॅरेजला जा.

मग काचेच्या खाली, वायपर असतात तिथल्या काळ्या जाळीवर त्यांनी मगाने पाणी ओतलं. सातव्या-आठव्या मगाला ब्लोअरच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याच्या शेजारून एक थेंब माझ्या गालावर पडला.

त्यांनी वायपर काढले, जाळीचे स्क्रू काढले, जाळी उचलली. 

"बेटा, बाहेर ये. बाग बघायला."

जाळीखाली पन्हळीसारखी जागा असते. काचेवरचं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. ती पन्हळ ओल्या काळ्या चिखलाने भरली होती. चाचांनी मूठभर काढून माझ्या हातावर ठेवला. त्यात झेंडूची देठं होती, जास्वंदीच्या चिकट कळ्या होत्या, तुळशीच्या काड्या, दूर्वा. भोकं बुजली होती. तोंड वर असलं की साठलेलं पाणी मागे सरकून ब्लोअरच्या तोंडातून आत, थेट डाव्या सीटच्या पायाशी पडत होतं.

गाडी घेतल्या दिवसापासून आई रोज सकाळी देवपूजा झाली की एक फूल, कधी सोबत दूर्वा नाहीतर तुळस घेऊन खाली यायची आणि वायपरखाली दाबून ठेवायची, उडू नये म्हणून. गाडीत बसायचं सोडलं तरी फूल सोडलं नाही. मी ते रोज बघत होते. संध्याकाळी ते तिथे नसायचं, म्हणजे वाऱ्याने उडालं असेल असं मी धरून चालले होते.

चाचा म्हणाले, आईला बोलू नको, फूल ठेवते म्हणजे दुवाच मागते, फक्त जाळीवर नको म्हणावं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. घरी गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला तो चिखल तिच्यासमोर उघडला. तीन महिने मी कशी फिरले, काय काय ऐकून घेतलं, सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता.

आई त्या देठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रोज बघत व्हतीस ना बाय? तवा तुला नाय समजला, तं मना कसा समजाचा? शिकलेली तू हायस." थोड्या वेळाने परत म्हणाली, "फूल तुज्यासाठी ठेवत व्हती. पान्यात बसली मी, खोकली पन मीच. आता वरडतेस पन मनाच."

मी तो चिखल परत वर्तमानपत्रात गुंडाळला. 

वाटलं, संपलं एकदाचं. कुठलं संपतंय! कार्पेटखाली कापसासारखा जाड थर असतो, तो जुलैपासूनचं पाणी पिऊन बसला होता. गच्चीवर वाळत घातला तर दिवाळीत पाऊस आला. शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे काही मेलंय का. लग्नाला आठ दिवस असताना पुन्हा पत्र्यावर ओल दिसली, रुपयाच्या नाण्याएवढी. मी सोसायटीच्या आवारात गाडीच्या दारात बसून राहिले. मला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं, पण समोर कोणी नव्हतं.

चाचांनी पुन्हा पाण्याचा मग घेतला. या वेळी दहा मिनिटांत सापडलं. पहिल्या गॅरेजवाल्याचं सिलिकॉन पन्हळीच्या डाव्या कोपऱ्यात उतरून घट्ट बसलं होतं. फुलांच्या चिखलाखालचं भोक त्या सिलिकॉनने आधीच अर्धं बुजवून ठेवलं होतं. पाणी आत येऊ नये म्हणून मीच त्याचा बाहेर जायचा रस्ता बंद करून घेतला होता, आणि तोही माझ्या डोळ्यांसमोर. चाचांनी ते ब्लेडने कापून काढलं. मी तो तुकडा खिशात टाकला, हायवेवर जाऊन त्या माणसाच्या टेबलावर ठेवायचा म्हणून. गेले नाही. वेळच नव्हता.

लग्नाला आम्ही कार्पेटशिवायच गेलो. पत्र्यावर चटई टाकली, ब्लोअरची बुरशी धरलेली जाळी बदलून घेतली. तरी बुरशी गेली यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून चारही काचा खाली. उलव्याला डंपरांच्या मागे अडकलो, आई नाकाला पदर लावून बसली. घसा राखायचा म्हणून एक शब्द बोलली नाही. मला वाटत होतं, बुरशीतून वाचवून हिला धुळीत घातली.

सकाळी उंबराच्या वेळेला ती उभी राहिली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते, पहिल्या खोकल्याची वाट बघत. एक धवला झाला, दुसरा झाला. बायका मागून ओळी धरत होत्या. हळद दळायचा, तेलाचा, सगळे तिने सलग म्हटले. कुठेही तुटली नाही. मामा डोळे पुसत होता. मी मात्र शेवटपर्यंत मूठ आवळूनच होते.

संध्याकाळी हळदीला डीजे आला. आई त्याच्यावर आवाज काढून गात राहिली. थांब म्हणून मी दोनदा सांगितलं, तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत तिने धवला पुरा केला, पण निघताना तिचा घसा पूर्ण बसलेला. इतके महिने मी एका पाण्याच्या मागे होते, आणि आवाज घालवला डीजेने! गाडीत बसल्यापासून मी मामाला, डीजेवाल्याला, झालंच तर नाचणाऱ्यांना बोलत होते. तिला बोलता येत नव्हतं, त्यामुळे मधे अडवणारं कोणी नव्हतं.

उलव्याजवळ पुन्हा डंपर लागले. आईने माझ्या दंडावर टिचकी मारली आणि बोटाने काच दाखवली. वर कर. मी म्हटलं, वास येईल. तिने परत बोट वर केलं. मी चारही काचा बंद केल्या आणि बोलणं थांबवून ऐकत राहिले. तिचा श्वास शांत चालला होता. पुढे पनवेलपर्यंत ट्रॅफिकच होता. आई चटईवर पाय पसरून झोपली.