सतराव्या ओळीतलं सोयाबीन

मळणीत भुसा ढीगभर निघतो, दाणा कमी. आमच्या टोळीचंही तसंच. टोळी म्हणजे तिघंच: सोयाबीनचा नवा वाण काढायला निघालेले भिवंडीचे मुल्लासर, ज्यांच्या शेतात प्रयोग चालायचा ते अंजूरचे काशीनाथकाका, आणि नोंदी ठेवणारी मी. नऊ वर्षांत वाण एकही बाहेर पडला नाही. किस्से मात्र पोतंभर!

सरांचं म्हणणं साधं होतं. पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडून मरतं. आपलं सोयाबीन अंजूरच्या पाण्यात उभं राहिलं पाहिजे, बस्स.

*

सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं. सकाळी लवकर चिमट्यानं त्याचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून रंगीत दोरा बांधायचा. दोरा सरांच्या भाच्याच्या लूमवरून फुकट यायचा. पहिल्या दिवशी काकांनी तीन तास वाकून अकरा फुलं केली आणि कंबर धरून म्हणाले, "सर, माझ्या लग्नाला पन एवरा येळ लागला न्हाय."

त्या अकरांपैकी एकाही फुलाला शेंग धरली नाही. काका आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं.

*

चौथ्या वर्षी पाण्यात सगळा वाफा पिवळा पडला आणि एकच झाड हिरवंगार राहिलं. ते पाहून सर बांधावर बसले आणि चक्क दोन कप चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी खारबावहून निंदणीला आलेल्या बाईंनी ते उपटलं. त्यांचंही खरंच होतं, सगळ्यांत एकच आगळं दिसलं तर माणूस त्याला तणच समजणार.

आम्ही ते बादलीत लावलं, सावलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी गेलं. बाई रडायला लागल्या तेव्हा सर म्हणाले, चूक माझी, मी टॅग लावला नाही.

टॅग लावायचं काम माझं होतं. सरांना ते माहीत होतं, पण त्यांनी कधी विषय काढला नाही. मला अजून वाईट वाटतं.

*

मग दोन्ही बाजूंना गोडाऊन आली. भराव पडला आणि मधलं आमचं शेत तळं झालं. काका जमिनीच्या एजंटला शिव्या घालत होते. सर मात्र खूश! आता टेस्टिंगला पाणी सोडायची गरज नाही म्हणाले. काकांनी कपाळाला हात लावला.

पण आम्ही दर संकराची एक ओळ लावायचो, त्यांतली सतरावी त्याच पाण्यात सलग दोन पावसाळे उभी राहिली. आम्ही पेढे वाटले.

*

नंतर दमट हवेनं घात केला. साठवलेल्या बियाण्याची उगवणच गेली. सतराव्या ओळीचं जेमतेम चिमूटभर बी जिवंत निघालं आणि गेल्या पावसाळ्यात सरांनी ते सगळं स्वतःच्या हातानं टोकलं. दुसरं बी नव्हतं. महिन्याभरात सर ठाण्याच्या हॉस्पिटलात होते आणि घरचे म्हणाले, भेटून घ्या.

त्याच आठवड्यात शेतात सहा दिवस पाणी राहिलं. ओळ सगळी कुजली. हॉस्पिटलला जाताना रिक्षात काकांनी मला बजावलं, "पोरी, तू काय बोलू नको. मी बोलतो."

सरांनी डोळे उघडले ते ओळीचं विचारायलाच. किती रोपं राहिली?

"बावीस," काका म्हणाले. "बावीसच्या बावीस उभी हायत."

सरांनी काकांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काका, मी एकवीसच बिया टोकल्या होत्या."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. काकांनी सरांचा हात हातात घेतला.

"मंग एक जास्त उगवलं असंल, सर."