ताराबाईला फोन लाव

सुधाकररावांच्या गाडीतून मी रोज बोथहून आदिलाबादला कचेरीत जातो. माणूस अखंड बोलणारा, पण बायकोचा विषय निघाला की रस्ता बघू लागतो. तीन वर्षांपूर्वी नात झाली, प्रगती, तेव्हा बायको सहा महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे, पंकजकडे हैदराबादला गेली आणि तिथलीच झाली. "आता घरी ये," एवढंच तिला सांगायला हा गृहस्थ रोज फोन करतो. आणि सांगतो काय, तर विहिरीला पाणी किती आहे!

पोळ्याला पंकजने नवी गाडी घेऊन दिली. बोललेलं ऐकणारी. एसी कमी कर म्हटलं की कमी करते, फोन लाव म्हटलं की लावते. पहिल्या आठवड्यात सुधाकररावांनी गाडीला 'जेवलीस का', एवढंच विचारायचं बाकी ठेवलं.

दिवाळीनंतर त्यांच्या मोबाइलची काच फुटली. बायकोच्या फोटोवर बोट ठेवून फोन लावायची सोय गेली. त्या सकाळी गाडीत आम्ही दोघंच होतो.

"पंकजच्या आईला फोन लाव," ते गाडीला म्हणाले.

गाडीने पंकजला लावला. "बाबा, मीटिंगमधी हाओ," म्हणून त्याने ठेवून दिला.

"घरच्यांना लाव."

असा नंबर नाही, गाडी म्हणाली.

"नाव घ्या ना वहिनींचं, पंकजने नंबर नावानेच भरला असेल," मी म्हणालो.

"सर, आमच्या घरात नाई घेत."

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. यांच्या घरात पुरुषही बायकोचं घेत नाहीत. वडिलांनी आईचं कधी घेतलं नाही, यांनीही नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली; पंकज होईपर्यंत 'ऐकलं का' आणि नंतर 'पंकजची आई'. मी चिडून म्हणालो, "मग बसा असेच."

गुडीहत्नूर गाव मागे पडलं. मग त्यांनी खिडकीची काच वर केली आणि हळूच म्हणाले, "ताराबाईला फोन लाव."

रिंग वाजली आणि थांबली. काहीच ऐकू येईना. फोन कटला असं वाटून ते पुन्हा म्हणाले, "ताराबाई." मग मोठ्याने, "ताराबाई! तारा!"

फोन कटलाच नव्हता. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "अहो, काय झालं? नाव काऊन घेऊन राह्यले? तब्येत बरी हाय ना तुमची?"

सुधाकररावांनी गाडी बाजूला घेतली. "मले काई नाई झालं," ते म्हणाले. "तू घरी ये."

तिकडे नातीचं बडबडणं चालू होतं.

"येईन ना. प्रगतीची शाळा लागू द्या."

"कवा लागते?"

"जूनमधी."

नोव्हेंबर चालू होता. "बरं," म्हणाले. विहिरीचं काही बोलले नाहीत. मला माझ्याच चिडण्याची लाज वाटली.

कचेरीपाशी उतरलो, पण डबा गाडीत राहिला म्हणून परत फिरलो. काच आता उघडी होती. सुधाकरराव स्टिअरिंगवर हात ठेवून एकटेच बसले होते.

"ताराबाई," ते म्हणाले.

"ताराबाईंना फोन लावू का?" गाडीने विचारलं.

"नको. नुसती हाक मारली."

डबा तसाच ठेवून मी कचेरीत गेलो.