भिंतीवरचा नाग

सुनेनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि मी दचकून मागं सरलो. फडा काढलेला खराखुरा नाग, ओला, चकाकता.

"मामा, आत्यांचाच आहे हो! भिंतीवरच्या चित्राचा फोटो टाकला, मोबाइलनं खरा करून दिला. हाच छापून लावू, म्हणजे भिंतही रंगवता येईल."

शिसारी आली मला. माझ्या बायकोनं, सुनेच्या आत्यांनी, मरायच्या आधीच्या नागपंचमीला गेरूनं काढलेला तो नाग. हात कापत होता, म्हणून फडा पळीसारखा झाला अन् शेपूट दाराच्या चौकटीला धडकलं. स्वतःच हसली, "नाग कसला, गांडूळ झालं की!" आणि त्या गांडुळालाच तिनं मनापासून लाह्या वाहिल्या. मी फार शिकलेला नाही. पण त्या यंत्रानं तिचा कापरा हात चूक समजून पुसला, एवढं मला दिसतं. खऱ्या नागांचा काय दुष्काळ पडलाय? बांधावर हवे तेवढे आहेत.

"ह्याला लाह्या वाहू का काठी शोधू?" मी विचारलं. सून हसली, मग माझं तोंड बघून तिनं मोबाइल खाली घेतला.

आज रंगारी आलाय. मी त्या भिंतीला खुर्ची लावून बसलोय. त्याला म्हटलं, बाकीचं घर खुशाल रंगव, पण इथं ब्रश आणलास तर आधी मला रंगवावं लागेल.