आभारातून गाळलेलं नाव

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत स्वयंपाकी होते. इटलीत पकडले गेले, जर्मनीत कैदेत राहिले. युद्ध संपल्यावरही घरी परतायला त्यांना बरेच महिने लागले. त्या महिन्यांविषयी ते कधीच बोलले नाहीत.

मी शाळेत असताना मामा एकदा वीटभट्टीवरून पायी आमच्याकडे आला. गालफडं बसलेली. आईने भावासाठी कोंबडी केली. तो पहिला घास घेणार, तोच आजोबांनी ताट ओढलं आणि पातळ पेजेची वाटी पुढे केली. "आज एवढंच. सावकाश पी."

"पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट ओढता? राहू द्या तुमची कोंबडी!" मामा उठून गेला, तो आमच्याकडे पुन्हा कधी जेवला नाही. आई कितीतरी दिवस रडत होती. आजोबांनी अवाक्षर काढलं नाही.

पुढे घरातला पहिला पदवीधर म्हणून विहारात माझा सत्कार झाला. आई-वडील, शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, सगळ्यांचे मी आभार मानले. आजोबांचं नाव मुद्दाम गाळलं. पहिल्या रांगेत बसून ते टाळ्या वाजवत होते. दोन वर्षांनी ते गेले.

आता मी अमेरिकेत फ्रिस्कोला राहतो. गेल्या महिन्यात लेकीने मला एका संग्रहालयात नेलं. जर्मनांच्या छळछावणीतल्या कैद्यांच्या सुटकेविषयी सांगताना तिथल्या बाई म्हणाल्या, सैनिकांनी दयेपोटी आपले खाण्याचे डबे उघडून दिले आणि ते जड अन्न खाऊन कितीतरी उपाशी माणसं दगावली. मग मिळेल तो स्वयंपाकी बोलावून पातळ लापशी शिजवावी लागली.

"बाबा, आर यू ओके?" लेकीने विचारलं.

आजोबा तिथे होते याचा माझ्याजवळ कागद नाही, पुरावा नाही. तरी पार्किंगमधूनच मी मामाला फोन लावला. तो आता ऐंशीचा आहे. संग्रहालयात ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं.

"आठ दिवस पोटात अन्न नव्हतं माझ्या. ताईलासुद्धा कळू दिलं नव्हतं. म्हाताऱ्यानं ओळखलं होय?"

"आणि मी तुझ्यासाठी त्यांचं नाव घेतलं नाही, मामा."

"माझ्यावर नको ढकलू. मी होतो की त्या सत्काराला. भांडण माझं होतं, तुझं काय होतं? मलाच मान खाली घालावी लागली."

मी फोन ठेवला. गाडीत लेक म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड? टेल मी."

लढाईपासून, छावणीपासून सांगता आलं असतं. मी विहारातल्या भाषणापासून सुरुवात केली.