तीसच्या गल्लीतला बिघाड

जर्मनीत झिंडेलफिंगेनला असताना माझ्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. हिवाळाभर ती तळघरात असायची. एका मार्चमध्ये बाहेर काढली, तर सिग्नलला बंद पडायला लागली आणि आमच्या ताशी तीसच्या वेगमर्यादेच्या गल्लीत मिसिंग मारायला लागली.

नवरा गाड्यांच्या कंपनीत, इंजिनांवरच काम करणारा. हळू चालवलं की बंद पडते, असं मी त्याला सांगितलं. तो आउटोबानवर, म्हणजे तिथल्या सुसाट महामार्गावर, एक चक्कर मारून आला. "मस्त पळतेय," म्हणाला, "तुझा क्लच चुकत असेल." पुढच्या शनिवारी पुन्हा तीच चक्कर, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं सणकलं.

"आउटोबानवर जायचं नाही," मी सांगितलं. "मी सायकल काढते. माझ्या बरोबरीने चालव, बेकरीपर्यंत."

बेकरी येईपर्यंत गाडी चारदा बंद पडली. घरी येऊन त्याने कार्बोरेटर उघडला. हळू चालवताना पेट्रोल ज्या केसाएवढ्या भोकातून येतं, ते जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने बुजलं होतं. वेगात गाडीला पेट्रोल दुसऱ्या, मोठ्या भोकातून मिळतं, म्हणून आउटोबानवर तिची काहीच तक्रार नव्हती.

"गेनाऊ, अगदी बरोबर," भोकात फुंकर मारत तो म्हणाला, "हळू चालवल्याशिवाय हे कळलंच नसतं."

"तीन आठवडे मी तेच सांगत होते."

त्याने मान वर केली. "तू तर क्लचचं काहीतरी म्हणत होतीस ना?"

मी हातातलं फडकं त्याच्यासमोर ठेवलं. "क्लच तू म्हणाला होतास."