हळदीकुंकवाला नेलेली बाटली

डॉक्टरांचा हात मध्येच थांबला. माझ्या घशातून पोटात उतरलेली नळी तशीच धरून ते नर्सला म्हणाले, "सिस्टर, इधर देखो. हिल रहा है."

मी डाव्या कुशीवर पडले होते. तोंडात प्लास्टिकची कडी, गालावरून लाळ ओघळत होती. समोरच्या स्क्रीनवर माझ्या पोटाची आतली गुलाबी भिंत दिसत होती आणि तिच्यात डोकं खुपसून एक पांढरा, शेवईएवढा जीव वळवळत होता. मला किळस यायला हवी होती. खरं सांगते, मला आनंद झाला. आठवडाभर ज्याला सगळे 'नाटक' म्हणत होते, ते नाटक स्क्रीनवर जिवंत हलत होतं.

मी बदलापूरला, कुळगावात राहते. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर आगरी. लग्न आम्ही आमच्या मनाने केलं, आणि माझ्या मोठ्या नणंदेने, म्हणजे सुरेखाताईंनी, ते अजून मनातून मान्य केलेलं नाही. घरी मी पोळीभाजीचे डबे करते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन्ही पाळ्यांना माझे डबे जायचे. सगळं शाकाहारी. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या रविवारी आम्ही ताईंकडे मांजर्लीला जेवायला गेलो. त्यांच्या हातच्या गाबोळीचं, म्हणजे माशाच्या अंड्यांचं, सगळ्या भावकीत कौतुक. सकाळी आणलेला अख्खा मासा त्यांनी पोट न फाडता तसाच फ्रिजमध्ये ठेवला होता. दुपारी गाबोळी काढली, पोटाकडच्या मांसासकट जाड तुकडे केले, आधी न उकडता थेट तव्यावर टाकले आणि दोन्ही बाजूंनी लाल होताच उतरवले. माझ्या पानातला तुकडा मी मोडला तर आत गार, ओलसर, गुलाबी. मी म्हटलं, "ताई, हे आतून कच्चं वाटतंय."

"आगो, गाबोली आतून मऊच पायजे," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमी घाटावरचे मासलीचा पार चोथा करता."

सगळे हसले. माझा नवरा सगळ्यात जोरात. मी तुकडा संपवला.

संध्याकाळी घरी आल्यावर पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या अगदी खाली, कुणीतरी आतून चिमटीत धरून पिळतंय असं दुखायला लागलं. मग उलट्या. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, म्हणजे हृदयाचा आलेख. तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, आणि इंजेक्शन दिलं. मंगळवारी सोनोग्राफी केली, तीही नॉर्मल. बुधवारी रक्त तपासलं. त्यात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जी किंवा जंत असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जरा जास्त निघाल्या. "धुळीची ॲलर्जी असेल," डॉक्टर म्हणाले. पित्ताच्या गोळ्यांचा काही उपयोग नव्हता. काही सापडत नाही म्हणजे नाटकच, असं घरातले म्हणायला लागले. कळ यायची, मी गुडघे पोटाशी घ्यायची, कळ जायची, आणि पुढची येईपर्यंत मी कणीक मळून ठेवायची.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर एवढं करा: शेवटचं काय खाल्लं ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गुरुवारी ताई मला बघायला आल्या. शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या. माझ्या उशाशी बसून ताई म्हणाल्या, "ही सकालचा उरलेला रातीला खाते. डब्यात पन त्याच घालत असंल."

मी उठून बसले, पण तोंडातून शब्द फुटायच्या आत कळ आली. ताईंचे यजमान त्याच कारखान्यात कामाला. शुक्रवारी पहिल्या पाळीचे डबे बंद झाले, शनिवारी दुसऱ्या पाळीचे. ज्या मुलांना मी सणासुदीला पदरचा शिरा घातला, ती फोन उचलेनात. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे ना, ताईचा स्वभावच तसा आहे." त्या दिवशी मला पोटापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं.

सोमवारी उल्हासनगरच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. सिंधी डॉक्टर, बोलणं मोजकं. बाहेरच्या बाकावर मी दोन तास वाकून बसले होते. मग एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी तोंडावाटे पोटात घालून बघणं, आणि स्क्रीनवर तो.

डॉक्टरांनी नळीतूनच बारीक चिमटा घालून त्याला ओढून काढलं. नळी बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मच्छी खाया था? समुंदर का? आधा कच्चा?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. त्यांना वाटलं मी घाबरले.

त्यांनी समजावलं ते असं. ही अनिसाकिस जातीच्या जंताची अळी दिसते. समुद्रातल्या माशांच्या आतड्यात आणि गाबोळीभोवती ती असते, मासा मेल्यावर पोटाच्या मांसात शिरते. म्हणून मासा आणला की लगेच साफ करायचा आणि आतपर्यंत शिजवायचा. नीट शिजवला की ती मरते, म्हणून आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो. "मच्छीवाली की गलती नहीं है," ते म्हणाले. "पकानेवाले की है." मी विचारलं, हा जंत पोळीभाजीतून येऊ शकतो का? ते हसले. "सवाल ही नहीं."

मासेवालीवर माझा राग नव्हताच. माझ्या रागाचा पत्ता मांजर्लीचा होता.

छोट्या हॉस्पिटलात नमुना लॅबमध्ये पोचवायचं काम नातेवाइकांचंच असतं. नर्सने औषधी पाण्यात बुडवलेली ती अळी, झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बाटलीतून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. उद्या सकाळी दिली तरी चालेल म्हणाली. मी बाटली त्याच्या हातातून घेतली. दुखणं विरत चाललं होतं आणि डोकं अगदी लख्ख झालं होतं. त्या संध्याकाळी ताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

"रिक्षा मांजर्लीला घ्या," मी सांगितलं. नवरा म्हणाला, "वैशाली, नको." मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

ताईंचं घर बायकांनी भरलेलं होतं. माझ्या शेजारच्या त्या दोघी होत्या, कारखान्यातल्या लोकांच्या बायका होत्या. ताईंनी मला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. मी पर्समधून बाटली काढून अत्तरदाणीच्या शेजारी ठेवली आणि म्हटलं, "हा जंत माझ्या पोटातून आत्ताच काढला. समुद्राच्या कच्च्या मासळीतून येतो. माझ्या डब्यात मासळी नसते. मी मासळी खाल्ली ती याच घरात, त्या रविवारी."

आधी कुणाला समजेना. मग एकीने वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आमी पन तीच खाल्ली," ताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "आमाला काय झाला?"

"प्रत्येक घासात नसतो, ताई. एकाच्याच वाट्याला येतो. तुमच्या तव्यावरचा माझ्या वाट्याला आला."

बायकांनी खाण्याच्या बश्या एकेक करून खाली ठेवल्या. त्यात नुसता मसालेभात आणि भजी होती, तरी ठेवल्या. मला वाईट वाटायला हवं होतं का? वाटलं नाही. अजून वाटत नाही.

लॅबच्या रिपोर्टात डॉक्टरांनी सांगितलेलंच नाव आलं. आठवडा संपायच्या आत पहिल्या पाळीचे डबे सुरू झाले, मग दुसऱ्या पाळीचेही. नवरा आता माझ्या हातची, आतपर्यंत खरपूस तळलेली मासळी न बोलता खातो. त्याचं हसणं मी विसरलेले नाही, आणि त्यालाही ते माहीत आहे.

आभार मानायचे तर त्या डॉक्टरांचे, हात मध्येच थांबवल्याबद्दल. आणि त्या अळीचे, ती सापडेपर्यंत जिवंत राहिली म्हणून. माझ्या बाजूने बोलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

आता रविवारी दुपारी ताईंचा फोन येतो. मागे तव्यावर तेल चरचरत असतं. "वैशाली, आता झाली असंल का गो गाबोली?"

मी मुद्दाम हातातली पोळी आधी लाटून संपवते. तेल चरचरत राहतं, ताई वाट बघत राहतात. मग मी म्हणते, "अजून नाही, ताई. राहू दे तव्यावर."