डाव्या भुवईवरचा व्रण

सत्तरी उलटली तरी घड्याळजींना 'बाळ' म्हणणारं एक माणूस जगात शिल्लक होतं, ते म्हणजे त्यांची ताई. बाकीचे त्यांना ओळखत ते थोर पुढाऱ्याचे धाकटे भाऊ म्हणून. दादांनी स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगला, सभा गाजवल्या. बाळने डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं वेळेवर आणली आणि स्वतः दादांच्या प्रत्येक सभेला उशिरा पोचला.

दादा गेल्यावर दर जयंतीला वक्ते त्यांच्या भुवईवरच्या व्रणापाशी आले की आवाज चढवत. "ही जुलमी सरकारच्या लाठीची खूण!" टाळ्यांचा नुसता पाऊस. घड्याळजीही टाळ्या वाजवत, पण तळहात एकमेकांना जेमतेम लागतील इतपतच.

एके दिवशी शिल्पकार दुकानात आला. दादांचा पुतळा मातीत तयार होता, दुसऱ्या दिवशी ओतकाम.

"काका, व्रण कुठल्या भुवईवर होता? समितीत निम्मे उजवी म्हणतात, निम्मे डावी."

"डावी," घड्याळजी चटकन म्हणाले. "बाहेरच्या टोकाला. चंद्रकोरीसारखा वाकडा."

"वाकडा? लाठीचा व्रण सरळ असणार. सरळच काढतो."

घड्याळजींच्या हातातला चिमटा थबकला. गप्प बसावं, तर दादा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच कुणाची भुवई घेऊन चौकात उभे राहणार. बोलावं, तर मागे कपाटाशी ताई बसलेली, आणि दादांना कुणी नख लावलेलं तिला आजन्म खपलं नव्हतं.

त्यांनी भिंग काढून ठेवलं. "लाठी नव्हती ती. लंबक होता. बाबांच्या जुन्या घड्याळाचा, पितळी. दादाने माझ्या हातून काढून घेतला, मी हिसकावला आणि फेकून मारला. सहा वर्षांचा होतो."

शिल्पकार बघतच राहिला. घड्याळजी मात्र कपाटाकडे बघत होते.

"बाळ," ताई सावकाश उठत म्हणाली, "दादा तर घरी म्हणाला होता, दाराची कड लागली."

"मला मार बसू नये म्हणून गं."

"आणि दार उघडं कुणी टाकलं म्हणून बाबांनी कुणाला धरलं? मला! आठ दिवस उठता-बसता बोलणी खाल्ली मी! दार मी लावलं होतं, कडीसुद्धा घातली होती, पण ऐकतो कोण? आणि म्हणे सत्यवादी पुढारी!"

"ताई, चुकलं गं."

"तुझं नंतर बघते. आधी त्याचं बघू दे." असं म्हणता म्हणता तिला हसू फुटलं, आणि हसताना डोळे कधी भरले ते तिलाही कळलं नाही. "एवढासा होतास तू. आणि तो लबाड रक्त पुसत साळसूद चेहऱ्याने बाबांना दार दाखवतोय!"

शिल्पकाराने घसा खाकरला. "मग मावशी, लाठीचं काय करायचं? पाटीवरसुद्धा तसंच लिहायचं ठरलंय."

"खोडायला सांगा. लाठ्या त्याने पाठीवर पुष्कळ खाल्ल्या, त्या लिहा हव्या तेवढ्या. हा एक घरचा आहे, तो सरकारला कशाला द्यायचा?"

घड्याळजींनी खालचा खण उघडला. जुन्या फडक्यात गुंडाळलेला लंबक काढून शिल्पकाराच्या हातावर ठेवला. "याची कड बघून काढा. म्हणजे चुकायचं नाही."

"जपून ठेवलास होय रे!" ताईने तो हातात घेऊन वजन अजमावलं आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली. "आता आठ दिवस चहा तू करायचास, बाळ. आणि दार लावून घे आधी."

घड्याळजी उठले, दार लावलं, कडी घातली. मग ताईने पाहिलं की नाही, ते वळून पाहिलं.